रायटरची वही : नोकरी सुटली, खून सुटला नाही

या महिन्याच्या टपालात एकच माणूस वेगवेगळ्या पत्रांतून येऊन बसला आहे. नोकरी सुटलेला, पण ज्याच्या हातून खून सुटलेला नाही असा तपासी अधिकारी. कुणाच्या कथेत तो नायक आहे, कुणी त्याला मालिकेत पाहिला आहे, आणि एका पत्रात तो घरातच आहे, वडील म्हणून. त्यामुळे तडीपारी, हरवलेले मोबाइल आणि पासपोर्टच्या पडताळणीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी कधी साहेब नव्हतो. मी रायटर हवालदार. तपास साहेब करतात, रायटर तो कागदावर उतरवतो, आणि कोर्टात उलटतपासणी होते ती त्या कागदाची.

काका, दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहितोय. नायक क्राइम ब्रँचचा माजी इन्स्पेक्टर. एका जुन्या प्रकरणाचा सल, त्यात नोकरी सोडली, बायको माहेरी, रोजची दारू. त्याच्या मित्राचा खून होतो, पोलीस म्हणतात आत्महत्या. नायक रात्री मित्राच्या फ्लॅटचं कुलूप तोडतो, पलंगाखालून रक्ताळलेला चाकू मिळवतो, आरोपीला गाठून कबुली घेतो आणि शेवटी भर कोर्टात चाकू न्यायाधीशांसमोर ठेवतो. तांत्रिक चुका सांगाल का?
– एक लेखक, चिपळूण

दारू ठेवा. बाकीचं बदलावं लागेल.

चाकूपासून सुरुवात करू. तपासात मिळालेला चाकू म्हणजे नुसता चाकू नसतो. तो कुठे, किती वाजता, कोणासमक्ष मिळाला याचा पंचनामा असतो. दोन पंच असतात, लेबलावर त्यांच्या सह्या असतात, पाकिटावर लाखेचं सील असतं, मुद्देमाल रजिस्टरला नंबर पडलेला असतो. मग एक शिपाई पत्रासोबत तो प्रयोगशाळेत पोचवतो. मुंबईत असेल तर कालिन्याला. तिथे सील शाबूत मिळाल्याची नोंद होते आणि त्यानंतर सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, येतो. यातली एक कडी निसटली की बचावाचे वकील खुर्चीतून अर्धे उठलेले असतातच. आता तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. तुमचा नायक रात्री दोन वाजता, एकटा, कुलूप तोडून, रुमालात धरून चाकू बाहेर काढतो. त्या क्षणी त्या चाकूचा पुरावा म्हणून जीव गेला. शिवाय घरफोडी झाली, आणि पुरावा हलवल्याबद्दल नायकावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. खरा खुनी वरच्या मजल्यावर शांत झोपेल.

आता आत्महत्या. पोलीस तसं तोंडाने म्हणून मोकळे होत नाहीत. अकस्मात मृत्यूची नोंद होते, त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा होतो (जुन्या लोकांच्या तोंडी अजून १७४ आहे, माझ्याही), प्रेत शवविच्छेदनाला जातं. कितीतरी वेळा डॉक्टर मृत्यूचं कारण राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवतात. तो अहवाल यायला वेळ लागतो. तोवर ती फाइल ‘अकस्मात मृत्यू’ या मथळ्याखाली पडून असते. घातपात दिसला की भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली, म्हणजे पूर्वीच्या ३०२ खाली, गुन्हा दाखल होतो. लेखकमहाशय, तुमच्या नायकाला आत शिरायला खरी फट या मधल्या दिवसांत आहे. मित्र डावखुरा होता आणि जखम डाव्या मनगटावर आहे, हे त्याला ठाऊक आहे, चौकशी करणाऱ्या फौजदाराला नाही. त्याने जाऊन जबाब द्यावा. पूर्वी ज्या खुर्चीत तो स्वतः बसायचा तिच्यासमोरच्या बाकड्यावर बसून, कालच्या पोराला ‘सर’ म्हणून. कुलूप तोडण्यापेक्षा हा प्रसंग लिहायला अवघड आहे, म्हणून लिहा.

आणि कबुली. इथे तुमच्या हाती एक फार चांगला पत्ता आहे आणि तो तुम्ही खेळलाच नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. त्यातून बाहेर येतं ते इतकंच की आरोपीने काहीतरी दाखवलं आणि त्या माहितीवरून वस्तू खरोखर मिळाली, तर तेवढा भाग वाचता येतो. पण तुमचा नायक आता पोलीस नाही. त्याच्यापाशी कोणी मन मोकळं केलं तर ती पोलिसापुढची कबुली होत नाही, कायद्याच्या भाषेत ती न्यायालयबाह्य कबुली होते. ती कोर्टापुढे येऊ शकते. कोर्ट तिच्याकडे संशयानेच बघतं, दुसऱ्या पुराव्याचा टेकू मागतं, आणि मारहाणीचा वास आला तर फेकून देतं. तरी येऊ शकते. म्हणजे नोकरीत असताना जे त्याला जमलं नसतं ते नोकरी गेल्यावर जमतं.

फक्त त्याची किंमत आहे. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. आरोपीचे वकील विचारतील : आपण त्या रात्री किती प्यायला होतात? आपल्या पत्नी आपल्याजवळ राहत नाहीत, बरोबर? ज्या प्रकरणावरून आपण नोकरी सोडलीत त्यातही आपण असंच कोणावर तरी बोट ठेवलं होतं ना? ‘होय किंवा नाही एवढंच सांगा.’ तुमच्या कथेचा शेवट इथे आहे. चाकू कोर्टात ठेवू नका, माणूस उभा करा.

एका मालिकेतला माजी पोलीस प्रेताच्या मनगटाला हात लावून “काल रात्री साडेअकरा ते बारा” असं सांगतो. खरंच जमतं का?
– नर्सिंगची विद्यार्थिनी, नांदेड

नाही, बाळ. तुमच्या नांदेडच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. ताठरपणा साधारण दोन-तीन तासांत जबडा-मानेकडून दिसायला लागतो, बारा तासांच्या आसपास अंगभर होतो आणि मग उतरतो. उन्हाळ्यात हे सगळं चक्र लवकर फिरतं, थंडीत रेंगाळतं. धडपड करून मेलेल्या माणसात ते लवकर सुरू होतं. इंग्रजी पुस्तकांतली शरीर थंड होण्याची गणितं थंड देशांतली. आपल्याकडे दुपारी खोलीचं तापमानच शरीराइतकं असेल तर प्रेत थंड होणार कशाने? डॉक्टर नेहमी ‘इतक्या तासांपासून इतक्या तासांपर्यंत’ असा पट्टा लिहून देतात. साडेअकरा ही वेळ कुठून मिळते सांगू का? जिन्यातल्या कॅमेऱ्यातून, शेवटच्या फोनवरून, आणि दूधवाल्याने पिशवी दाराशीच लटकलेली पाहिली त्याच्या जबाबातून.

सल घेऊन जगणारा, नोकरी सोडलेला डिटेक्टिव्ह खरोखर कोणी होऊन गेला आहे का, की ही सगळी पडद्यावाल्यांची टूम?
– सेवानिवृत्त शिक्षक, डोंबिवली

होऊन गेला आहे, सर, आणि टूम बहुधा त्याच्यापासूनच सुरू झाली. जोनाथन व्हिचर. माळ्याचा मुलगा. लंडन पोलिसांनी १८४२ साली पहिली गुप्तचर शाखा काढली तेव्हा तिच्यात जे आठ जण होते त्यांतला एक. पुढे त्या शाखेतला नावाजलेला माणूस.

१८६० च्या जूनअखेर इंग्लंडच्या विल्टशर भागात, रोड हिल हाउस नावाच्या एका बड्या घरात, रात्रीतून एक मूल नाहीसं झालं. सॅव्हिल केंट, अजून चार वर्षांचंही नव्हतं. गळा चिरलेलं प्रेत आवारातल्या शौचकूपात सापडलं. दारं-खिडक्या आतून लावण्याची त्या घरची शिस्त, त्यामुळे खुनी घरातलाच असणार हे उघड होतं. गावच्या पोलिसांनी दाईवर संशय घेतला. व्हिचर आला तो दोन आठवड्यांनी, म्हणजे घटनास्थळावरून सगळं गाव चालून गेल्यावर.

त्याने काय केलं पाहा. त्याने धुण्याची वही मागितली. मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स, वय सोळा, हिच्या नावावर तीन झोपायचे झगे होते आणि सापडत होते दोन. तिसरा धुण्यात हरवला असं भासवलं गेलं आहे, प्रत्यक्षात तो रक्ताने भरला म्हणून नष्ट केला, असा त्याचा तर्क. त्याच्याजवळ एवढंच होतं : एक नसलेला कपडा. आणि कळस म्हणजे पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या भागात चुलीच्या कोनाड्यात एक रक्ताळलेलं वस्त्र स्थानिक पोलिसांना मिळालं होतं, ते त्यांनी हातचं घालवलं आणि लाजेने व्हिचरला सांगितलंच नाही. मी रायटर माणूस, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. पंचनामा करायला कोणी नव्हतं का तिथे?

त्याने मुलीला अटक केली. आठवडाभरात ती सुटली. माळ्याचा मुलगा एका सभ्य घरच्या मुलीवर खुनाचा आळ घेतो म्हणजे काय, असा देशभर गहजब झाला. वर्तमानपत्रांनी आणि तिच्या वकिलाने त्याला सोलून काढलं. पुढे चार वर्षांनी, १८६४ मध्ये, पन्नाशीही गाठली नसताना तो तब्येतीच्या कारणावरून निवृत्त झाला. त्या काळच्या डॉक्टरी भाषेत मेंदूला रक्त चढल्याचं कारण कागदावर आहे. आजचा डॉक्टर दुसरं काही लिहील.

आणि निवृत्तीला जेमतेम वर्ष होतं न होतं तोच, एप्रिल १८६५ मध्ये, कॉन्स्टन्स केंट आपल्या पायांनी लंडनच्या न्यायाधीशापुढे गेली आणि खुनाची कबुली दिली. फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली, वीस वर्षांनी सुटली. पुढे नाव बदलून ऑस्ट्रेलियात परिचारिका म्हणून जगली आणि १९४४ मध्ये शंभर वर्षांची होऊन वारली. तिची कबुली पूर्णपणे खरी होती का, यावर आजही वाद घालणारे आहेत.

मालिकावाले इथवरच येतात. मला त्याच्या पुढचं आवडतं. व्हिचर कुणाच्या घरात कुलूप तोडून शिरला नाही. तो खासगी चौकशीची कामं घेऊ लागला. टिचबोर्न नावाच्या श्रीमंत घराण्याचा हरवलेला वारस मीच, असं सांगत ऑस्ट्रेलियातून एक खाटीक आला होता. घराण्याच्या वकिलांच्या वतीने माग काढणाऱ्यांत व्हिचर होता. हा ‘वारस’ लंडनला उतरला त्याच दिवशी, १८६६ च्या नाताळात, वॉपिंगच्या गोदीभागात जाऊन ऑर्टन नावाच्या कुटुंबाची विचारपूस करून आला होता, हे त्याने धुंडाळलं. सरदारपुत्राला गोदीतल्या खाटकाच्या कुटुंबाशी काय करायचंय? तो मनुष्य आर्थर ऑर्टन असल्याचं कोर्टाने ठरवलं आणि खोट्या शपथेबद्दल १८७४ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली. यात व्हिचरला अटकेचा अधिकार नव्हता, गणवेश नव्हता. साक्षीदार शोधून वकिलांपुढे उभे करणं एवढंच काम. ते त्याने पहिल्या दर्जाचं केलं.

निवृत्त पोलिसाला खासगी डिटेक्टिव्हचं लायसन्स कुठे मिळतं?
– पिंपरीहून

असं लायसन्सच नाही. खासगी गुप्तहेर संस्थांसाठीचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. २००५ चा जो कायदा आहे तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्स्यांचा. दुकान उघडता येतं, पण अधिकार कुठल्याही नागरिकाइतकेच. जुन्या ओळखीवर कुणाच्या फोनचे कॉल रेकॉर्ड काढायला जाऊ नका. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी याच धंद्यात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. आणि जुनं ओळखपत्र दाखवून दार उघडून घेणं म्हणजे लोकसेवकाची बतावणी, न्याय संहितेचं कलम २०४.

काका, माझे वडील जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत होते. निवृत्तीच्या थोडं आधी एका विहिरीत अनोळखी बाईचं प्रेत सापडलं, गळा आवळलेलं. ओळख पटली नाही, आरोपी मिळाला नाही, ‘अ’ समरी झाली. बाबांनी कागदांच्या झेरॉक्स घरी आणल्या आहेत. रात्री उठून तेच वाचतात. एसटीने त्या गावाला जातात, तिथल्या लोकांना पुन्हा पुन्हा विचारतात. आईशी बोलणं जवळजवळ बंद, आणि आता पिणंही सुरू झालं आहे. “सोडून द्या” म्हटलं की चिडतात. मी काय करू?
– एक मुलगी, सातारा जिल्हा

ताई, “सोडून द्या” हे त्यांना म्हणू नका. ते सोडणार नाहीत आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. ज्या मयताला नातेवाईक आहेत त्याच्यासाठी कोणीतरी ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो, आमदाराकडे जातो, पेपरात देतो. या बाईला तुमच्या वडिलांशिवाय कोणी नाही. त्यांना ते कळतं, म्हणून झोप येत नाही.

पण ते ज्या पद्धतीने करत आहेत त्याने खटल्याचं नुकसान होतंय. हे त्यांना माझ्या नावाने सांगा, पोलिसाला पोलिसाची भाषा कळते. उद्या आरोपी मिळाला तर त्या गावच्या प्रत्येक साक्षीदाराला पहिला प्रश्न येईल : “हे निवृत्त साहेब तुम्हाला कितीदा भेटले? त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?” मूळ जबाबात नसलेली एक ओळ जरी साक्षीत जास्त आली तरी ती पढवलेली ठरेल. वडिलांनी आयुष्यभर पंचवीस वकिलांना हे करताना पाहिलं असेल. गावाला जाणं आजपासून बंद, ते बाईसाठीच बंद.

आता करायचं काय. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी अज्ञात. फाइल झोपली आहे, मेलेली नाही. खुनाला मुदतीचं बंधन नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ च्या पोटकलम ९ प्रमाणे (जुनं १७३-८) पुढचा तपास केव्हाही होऊ शकतो. त्यासाठी नवं काहीतरी लागतं, आणि नवं काय असू शकतं हे तुमच्या वडिलांइतकं कोणाला माहीत नाही. त्यांना एक टिपण लिहायला बसवा. दोन-तीन पानं, जास्त नाही. संशय कोणावर आहे यावर भाषण नको. करता आलं असतं पण राहिलं काय, ते लिहा. मयताचे कपडे, दागिना, दोरी, हा मुद्देमाल अजून खोलीत आहे की नष्ट करण्याचा आदेश झाला? हे सगळ्यात आधी, कारण तो असेल तर वाळलेल्या डागातूनही डीएनए मिळू शकतो. ठसे घेतले होते का, आणि घेतले असतील तर ते राज्याच्या ‘अॅम्बिस’ या ठसे जुळवणाऱ्या संगणक यंत्रणेत नव्याने टाकून पाहिले का? त्या वेळी न जुळलेला ठसा आज जुळू शकतो. शेजारच्या जिल्ह्यांची मिसिंग रजिस्टरं पाहिली होती, पण कर्नाटकातली पाहिली का? आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात माणसं कुठून कुठे जातात हे मी सातारकरांना काय सांगू. हंगामात नाहीशी झालेली बाई ‘पळून गेली’ म्हणून घरच्यांनी नोंदवलीच नसेल, तर ती कुठल्याच रजिस्टरात नाही. मुकादमांच्या उचलीच्या वह्या कोणी मागितल्या होत्या का?

हे टिपण पोलीस अधीक्षकांना द्या, एक प्रत संबंधित ठाण्याला, दोन्हीकडे आवक नंबर आणि तारखेसह पोच घ्या. झेरॉक्समध्ये केस डायरीची, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीची, पानं असतील तर ती त्याच वेळी परत करा. ती त्यांनी घरी ठेवणं बरोबर नाही आणि अडचण त्यांनाच होईल.

पिण्याबद्दल मी तज्ज्ञ नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात, आधी तुम्ही स्वतः बोला. आमच्या खात्यात ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की लोक उठून जातात, म्हणून झोपेच्या तक्रारीवरून न्या. झोप लागत नाही हे ते नाकारणार नाहीत. आणि रुग्णालयात जाताना आईला त्यांच्यासोबत पाठवा, परत येताना दोघं काहीतरी बोलतील.

एक गोष्ट मात्र आजच करा. त्या झेरॉक्समधलं अगदी पहिलं पान, खबरी अहवाल म्हणजे एफआयआर, काढा. प्रेत अनोळखी असलं की फिर्याद द्यायला नातेवाईक नसतो, अशा वेळी पोलीसच सरकारतर्फे फिर्याद देतो. ती फिर्याद त्या रात्री कोणी दिली होती? तुमच्या वडिलांनी दिली असेल तर तपास हातून गेला असला तरी फिर्यादी अजून तेच आहेत. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला कळवून त्याचं म्हणणं ऐकायचं असतं, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यांना तशी नोटीस मिळाली होती का? नसेल तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहायला त्यांना स्वतःच्या नावाने जागा असू शकते. फिर्यादीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते मला कळवा. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो.